हिशेब जुळेना तेव्हा

किरणोत्साराच्या धड्यातली गणितं मुलांना सहसा आवडतात. फार पाठांतर नसतं. बाणाच्या डावीकडे एक अणुकेंद्रक, उजवीकडे दोन किंवा तीन कण आणि त्यातला एक गायब. त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. प्रत्येक कणाला दोन आकडे असतात, वरचा अणुवस्तुमानांक आणि खालचा अणुअंक. वरच्या आकड्यांची बेरीज दोन्हीकडे सारखी हवी आणि खालच्यांचीही. दोन वजाबाक्या केल्या की गायब कण सापडतो.

रेडियम (२२६, ८८) → रेडॉन (२२२, ८६) + ?

२२६ मधून २२२ गेले, उरले ४. ८८ मधून ८६ गेले, उरले २. वस्तुमानांक ४ आणि अणुअंक २, म्हणजे हेलियमचं केंद्रक, म्हणजेच आल्फा कण. गुण मिळाले, पुढचा प्रश्न.

बीटा ऱ्हासाचं गणितही असंच.

बिस्मथ (२१०, ८३) → पोलोनियम (२१०, ८४) + इलेक्ट्रॉन (०, −१)

वर २१० बरोबर २१०. खाली ८४ आणि उणे १ मिळून ८३. समीकरण संतुलित. पण ते अपुरं आहे. उजवीकडे आणखी एक कण लिहायला हवा, प्रतिन्यूट्रिनो. त्याचे दोन्ही आकडे शून्य आहेत, त्यामुळे तो लिहिला काय आणि विसरला काय, दोन्ही बेरजा जुळतातच.

म्हणजे हिशेब जुळणं आणि हिशेब पूर्ण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या रकान्यांची बेरीज आपण मांडतो तेवढेच जुळतात. न मांडलेल्या रकान्यात काय चाललंय, ते जुळलेली बेरीज सांगत नाही. रेडियमच्या समीकरणातही वजनाचा रकाना मांडला तर तूट दिसते. रेडॉन आणि आल्फा कण यांचं एकत्र वजन मूळ रेडियमपेक्षा किंचित कमी भरतं, आणि ती तूट ऊर्जा होऊन बाहेर पडते. मोळ्या मोजून घेतल्या आणि टन मोजून घेतले यात जो फरक आहे, तोच इथेही आहे.

बीटा ऱ्हासात नेमका हा ऊर्जेचा रकानाच जुळत नव्हता. त्या न जुळण्याला माणसांनी काय उत्तर दिलं, आणि तशाच न जुळण्याला आपण घरीदारी काय उत्तर देतो, याबद्दल हा लेख आहे.

*

आल्फा ऱ्हासात आल्फा कण ठरावीक ऊर्जा घेऊन बाहेर पडतात. ते साहजिकच आहे. दोनच वाटेकरी असले आणि वाटणीचा नियम पक्का असला की प्रत्येकाचा वाटा ठरलेला. बीटा ऱ्हासातही दोनच वाटेकरी दिसत होते, नवं केंद्रक आणि इलेक्ट्रॉन. तेव्हा इलेक्ट्रॉनचीही ऊर्जा ठरावीक हवी होती. १९१४ मध्ये जेम्स चॅडविकनं दाखवलं की तसं नाही. एकाच पदार्थातून निघालेले इलेक्ट्रॉन कुणी कमी, कुणी जास्त, मधल्या हव्या त्या ऊर्जेनं निघतात.

उरलेली ऊर्जा कदाचित पदार्थातच कुठे अडकून राहत असेल, अशी एक शंका होती. १९२७ मध्ये एलिस आणि वूस्टर या दोघांनी ती तपासली. त्यांनी वर लिहिलेलंच बिस्मथ-२१० घेतलं, ते उष्णतामापकात बंद केलं आणि बाहेर पडणारी सगळी उष्णता मोजली. काही अडकून राहत असतं तर ते उष्णता म्हणून सापडलंच असतं. एका ऱ्हासामागे साधारण साडेदहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळायला हवे होते. मिळाले सरासरी साडेतीन लाखांच्या आसपास. दोन तृतीयांश माल गायब, आणि भांडं तर बंद.

आता दोन मार्ग होते. नील्स बोरनं पहिला सुचवला: ऊर्जा अक्षय्यतेचा नियम अणुकेंद्रकाच्या आत प्रत्येक वेळी पाळला जात नसेल. तूट आहे तर ती तूट म्हणूनच मान्य करू. दुसरा मार्ग वोल्फगांग पाउलीचा. ४ डिसेंबर १९३० रोजी त्यानं ट्युबिंगेनला जमलेल्या शास्त्रज्ञांना एक पत्र पाठवलं. झुरिकमध्ये नाचाचा कार्यक्रम होता म्हणून त्याला स्वतःला जाता येत नव्हतं. पत्रात त्यानं त्या मंडळींना गमतीनं किरणोत्सारी स्त्री-पुरुष असं संबोधलं आणि आपला तोडगा निरुपायाचा आहे हे सांगूनच तो मांडला: इलेक्ट्रॉनबरोबर आणखी एक कण बाहेर पडत असावा. त्याला विद्युतभार नाही, वस्तुमान अगदी थोडं, आणि तो आजवर कुणाला दिसलेला नाही. तीन वाटेकरी झाले की इलेक्ट्रॉनचा वाटा दर वेळी वेगळा का, हा प्रश्नच राहत नाही.

इथे थांबून विचार करा. हिशेबात तूट आली. हिशेबनिसानं सांगितलं, एक अदृश्य माणूस येऊन पैसे घेऊन गेला. तो दिसत नाही, त्याचे ठसे उमटत नाहीत. तुमच्या गणेश मंडळाच्या खजिनदारानं असं सांगितलं तर तुम्ही काय कराल?

*

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाताना बिद्री हे गाव लागतं. कागल तालुक्यातलं हे गाव ओळखलं जातं ते श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. हंगाम सुरू झाला की ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, मळीचा वास आणि रात्रंदिवस चालणारा वजनकाटा हे या भागाचं नेहमीचं चित्र. इथल्या पोरांना वस्तुमानाचा ताळेबंद म्हणजे काय हे शाळेत शिकवावं लागत नाही.

कुठल्याही साखर कारखान्यात शंभर टन ऊस आत गेला की त्याचं काय झालं हे लिहून ठेवावं लागतं. कोल्हापूर भागातला उतारा चांगला, म्हणजे साधारण बारा टन साखर. अठ्ठावीस-तीस टन बगॅस, चारेक टन मळी, तीन-चार टन प्रेसमड. उरलेलं बहुतेक पाणी, जे वाफ होऊन गेलं. ते कुणी पोत्यात भरत नाही, पण हिशेबात ते धरावंच लागतं.

याहून बारीक हिशेब साखरेचा असतो. उसात जेवढी साखर होती त्यातली पोत्यात किती आली, बगॅसमध्ये किती राहिली, मळीत किती, प्रेसमडमध्ये किती. एवढं सगळं मांडूनही थोडी साखर सापडत नाही. प्रयोगशाळेतले लोक तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवतात, ‘अनडिटरमाइंड लॉस’. आपण अज्ञात घट म्हणू. रसातल्या जिवाणूंनी खाल्ली असेल, जास्त तापवल्यानं मोडली असेल, वाफेबरोबर उडाली असेल, कुठे पाइप गळत असेल, किंवा मोजण्यातच चूक असेल.

मला हा रकाना फार प्रामाणिक वाटतो. इथे काहीतरी गेलंय आणि कुठे ते सापडलेलं नाही, असं तो उघड सांगतो. हा आकडा रोज बघितला जातो. तो वाढला की केमिस्ट गळती शोधायला निघतो.

पण हाच रकाना लबाडीसाठीही वापरता येतो. मंडळाच्या जमाखर्चात ‘किरकोळ खर्च’ म्हणून एक ओळ असते. मित्रांच्या सहलीच्या हिशेबात ‘इतर’ असतं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये आलेख सरळ यावा म्हणून शेवटचं रीडिंग ‘जुळवलं’ जातं. या सगळ्यांत एक आकडा आधी ठरलेला असतो, आणि मोकळ्या रकान्यात तो बसवला जातो. कागदावर किरकोळ खर्च आणि अज्ञात घट सारख्याच दिसतात. दोन्हींनी बेरीज जुळते. मग फरक कुठे आहे?

*

हा प्रश्न आपल्याकडे आणखी एका ठिकाणी येतो आणि तिथे तो फार महागात पडतो.

घरातली म्हैस अचानक आटते. डेअरीत रोज पाच लिटर जायचं, ते दोनवर येतं. वैरण तीच, पेंड तीच. डॉक्टर येऊन जातो, फरक पडत नाही. हिशेब जुळत नाही. मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘‘कुणीतरी केलंय.’’ आणि थोड्याच दिवसांत त्या ‘कुणीतरी’ला नाव मिळतं. बहुतेक वेळा ते नाव वाडीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या बाईचं असतं, किंवा जिच्याशी बांधावरून भांडण झालंय त्या भावकीतल्या चुलतीचं.

हे काही कथेतलं नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत जी कृत्यं गुन्हा म्हणून दिली आहेत, त्यात एखादी व्यक्ती करणी करते, किंवा मंत्रतंत्रानं दुभत्या जनावराचं दूध आटवते, असं भासवणं याचा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्यात दुभत्या जनावराचा उल्लेख करावा लागला, म्हणजे असे आरोप किती नेहमीचे असतील ते समजून घ्या. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. पुढे कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ ला कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले.

आता एखाद्या चलाख पोरानं विचारलं तर? ‘‘सर, पाउलीनं काय वेगळं केलं? त्याचाही हिशेब जुळत नव्हता. त्यानंही न दिसणारं काहीतरी कल्पिलं. तुम्ही न्यूट्रिनो मानता, आमची आजी करणी मानते.’’

हा प्रश्न हसून उडवून लावण्यासारखा नाही. ‘ते विज्ञान आहे आणि ही अंधश्रद्धा आहे’ एवढं म्हणणं म्हणजे नावं ठेवणं झालं. फरक दाखवला पाहिजे.

*

पहिलं सुचणारं उत्तर असं की न्यूट्रिनो खरा निघाला. पण ते पुरत नाही. १९३० मध्ये तो खरा निघणार हे पाउलीलाही ठाऊक नव्हतं. आणि खरं निघणं हीच कसोटी धरली तर ल व्हेरिएचं काय करायचं? युरेनसची चाल गणितात बसेना म्हणून या फ्रेंच गणितज्ञानं न दिसलेला एक ग्रह कल्पिला आणि १८४६ मध्ये त्यानं सांगितलेल्या जागेजवळच नेपच्यून सापडला. पुढे बुधाची चाल बसेना. १८५९ मध्ये त्यानं तीच युक्ती वापरली आणि सूर्याजवळ आणखी एक ग्रह असेल असं म्हटलं. त्याला व्हल्कन असं नावही मिळालं. लोकांनी तो अनेक वर्षं शोधला. तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइननं दाखवलं की बदलायला हवा होता तो गुरुत्वाकर्षणाचा नियम. माणूस तोच, पद्धत तीच, एकदा बरोबर आणि एकदा चूक. पण दुसऱ्या वेळी ल व्हेरिए लबाड होता असं कुणी म्हणणार नाही. बोरही चुकला, आणि काही वर्षांनी त्यानं आपला विचार सोडला. तोही लबाड नव्हता. म्हणजे प्रामाणिकपणा अंदाज बरोबर येण्यात नाही, आणखी कशात तरी आहे.

माझ्या मते तो तीन गोष्टींत आहे.

एक, कल्पिलेल्या गोष्टीनं स्वतःला बांधून घेतलं पाहिजे. पाउलीचा कण हवा तसा वागू शकत नव्हता. त्याचा भार शून्यच हवा, नाहीतर खालची बेरीज बिघडली असती. वस्तुमान अगदी थोडंच हवं. फिरकीचा हिशेबही त्यानं सांभाळायला हवा. १९३४ मध्ये फर्मीनं यावरून सिद्धांत रचला आणि कुठल्या ऊर्जेचे किती इलेक्ट्रॉन दिसतील याचा आलेख आधीच काढून दिला. करणी कशालाही बांधलेली नसते. दूध आटलं तरी करणी, नंतर पुन्हा वाढलं तर उतारा लागू पडला. पोरगा नापास झाला तरी तीच. जे काहीही घडलं तरी खोटं ठरत नाही, ते किरकोळ खर्चाच्या ओळीसारखं आहे. त्यात हवा तो आकडा बसतो.

दोन, ती पकडण्याची वाट मोकळी ठेवली पाहिजे. पाउलीनं आपल्याच पत्रात कबूल केलं होतं की असे कण असते तर ते आधीच दिसायला हवे होते, आणि प्रयोग करणाऱ्यांना त्यानं विचारलं की ते शोधता येतील का. शोधायला पंचवीस वर्षं लागली. १९५६ मध्ये अमेरिकेत रेन्स आणि कॉवन यांनी सव्हाना रिव्हरच्या अणुभट्टीशेजारी पाण्याच्या टाक्या ठेवल्या. भट्टीतून येणारा प्रतिन्यूट्रिनो क्वचित पाण्यातल्या प्रोटॉनवर आदळेल, तेव्हा हे समीकरण घडेल:

प्रतिन्यूट्रिनो (०, ०) + प्रोटॉन (१, १) → न्यूट्रॉन (१, ०) + पॉझिट्रॉन (०, +१)

बेरीज करून बघा, जुळते. इथे शून्य-शून्यवाला डावीकडे आहे, आणि त्याच्याशिवाय ही घटना सुरूच होत नाही. पॉझिट्रॉनची खूण आधी आणि न्यूट्रॉनची खूण लाखांश सेकंदांनी नंतर, अशी जोडी त्यांना तासाला दोन-तीन वेळा दिसायची. मुख्य म्हणजे भट्टी चालू आणि बंद असताना त्यांनी मोजणी करून पाहिली. बंद असताना खुणा कमी, चालू असताना जास्त. त्या बाईवर आरोप करणाऱ्यांपैकी कुणी अशी चाचणी मागितली का? ती महिनाभर लेकीकडे गेली तेव्हा दूध वाढलं का, हे कुणी वहीत लिहिलं का?

पुढे १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल जाऊन, वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. ज्याला पकडता येणार नाही असं वाटत होतं, तो आपल्या शेजारच्या राज्यात जमिनीखाली सापडला.

तीन, आणि मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते: अंदाज चुकला तर किंमत कोण मोजणार? न्यूट्रिनो नसता तर पाउलीचं हसं झालं असतं. व्हल्कन नव्हता, त्यात कुणाचं घर जळालं नाही. करणीचा अंदाज चुकला तर किंमत मोजते ती बाई, आणि अंदाज बांधणारा नामानिराळा राहतो. अदृश्य कण कल्पिणं आणि अदृश्य गुन्हा एखाद्या माणसाच्या गळ्यात बांधणं यात हे अंतर आहे. आपल्या हिशेबातली तूट भरायला दुसऱ्याचं नाव वापरायचं असेल, तर पुराव्याची अट कितीतरी कडक हवी. आपण नेमकं उलटं करतो. निर्जीव गोष्टींबद्दल पुरावा मागतो आणि माणसांबद्दल कुजबूज पुरते.

*

तरीही आजीच्या बाजूनं एक गोष्ट बोलली पाहिजे. करणी ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न खरा आहे. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्डनं १९३७ मध्ये आफ्रिकेतल्या झांदे लोकांवर पुस्तक लिहिलं. त्यात कोसळणाऱ्या धान्याच्या कोठाराचं उदाहरण आहे. वाळवीनं खांब पोखरले म्हणून कोठार पडतं, हे झांदे लोकांना नीट ठाऊक होतं. उन्हापासून सावली म्हणून माणसं त्याखाली बसतात, हेही. त्यांचा प्रश्न होता: नेमकी हीच माणसं बसली असताना, नेमकं त्याच वेळी ते का पडलं? त्याला त्यांचं उत्तर होतं, चेटूक.

‘माझ्याच गोठ्यात का?’ हा तोच प्रश्न आहे. आणि इथे किरणोत्सार एक कठीण गोष्ट शिकवतो. बिस्मथ-२१० चं अर्धायुष्य पाच दिवसांचं आहे. हजार अणू ठेवले तर पाच दिवसांत साधारण पाचशे जातील, हे खात्रीनं सांगता येतं. पण कुठले पाचशे? शेजारी-शेजारी असलेल्या दोन अगदी सारख्या अणूंपैकी हा आज का गेला आणि तो पुढच्या महिन्यापर्यंत का टिकला? भौतिकशास्त्राला आज जे कळतं त्यानुसार याला कारण नाही. कारण लपलेलं आहे असंही नाही. या अणूनं काही केलेलं नसतं.

म्हशीच्या दुधाला मात्र कारण असतं. कासेचा आजार असेल, खनिजांची कमतरता असेल, गाभण असेल. ते शोधावं. पण इतक्या गोठ्यांतून याच गोठ्यात, याच महिन्यात का, याचं उत्तर कधीकधी नसतंच. ती मोकळी जागा रिकामी ठेवता येणं, तिथे घाईनं कुणाचं नाव न लिहिणं, हे अवघड काम आहे. बोरनं काही काळ तसंच करायचं ठरवलं होतं. म्हणून तो चुकला तरी मला त्याचा आदर वाटतो.

*

एक आक्षेप उरतो. उपदेश सोपा आहे, पण प्रयोगशाळा ज्याच्या हातात त्यालाच तो परवडतो. काट्यावर वजन कमी भरलं असा शेतकऱ्याला संशय येतो, तेव्हा त्याच्याकडेही पुरावा नसतो. तोही न दिसणाऱ्या कारणाबद्दलच बोलत असतो. मग त्याचा संशयही करणीसारखाच धरायचा का?

नाही. कारण तो तपासता येतो आणि शेतकरी तपासच मागत असतो. दुसऱ्या काट्यावर वजन करून द्या, वैधमापनच्या पथकाकडून काटा तपासा, आकडा सगळ्यांना दिसेल असा ठेवा. शेतकरी संघटनांच्या या मागण्या म्हणजे भट्टी चालू-बंद करून बघण्याचीच मागणी आहे. काटा बरोबरही निघेल. उसाची ट्रॉली रांगेत दोन दिवस उभी राहिली तर ऊस वाळून वजन खरंच घटतं. पण ते तपासानंतर कळेल. तपास मागणारा प्रामाणिक आहे. ज्याच्या हातात काटा आहे त्यानं तपास टाळला, तर अज्ञात घटीचा किरकोळ खर्च होतो, आणि त्याचा दोष संशय घेणाऱ्यावर टाकता येत नाही.

म्हणून कुणी हिशेब पुढे ठेवला की बेरीज जुळली का, एवढं बघून उठू नये. न जुळणारा भाग कुठल्या ओळीत टाकलाय ते बघावं. त्या ओळीत काय येऊ शकत नाही हे आधी सांगितलंय का, ती तपासायला कुणी हरकत घेतंय का, आणि ती चुकली तर कुणाचं काय जाणार आहे, हे विचारावं. परीक्षेत बीटा ऱ्हासाचं समीकरण लिहिताना शून्य-शून्यचा तो कणही लिहावा. बेरजेला त्याची गरज नाही, पण तो तिथे असतो.